निम्मा वळू

इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची मशीनं होती. तिथं लव्हॉन ओस्टरलो वाकून चादरी काढत होती, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या टेगनची चार वर्षांची पोर मागून आली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकवून ढकलायला लागली. खेळत होती बिचारी. मान खाली, पाय मागे रोवलेले, तोंडानं हूं हूं चाललेलं. आणि लव्हॉननं काय केलं, तर हातातली ओल्या चादरींची टोपली होत्या नव्हत्या त्या ताकदीनं तिच्यावर हाणली. विचारबिचार काही नाही. पोर उडाली आणि मशीनच्या कडेवर आपटली. ओठ फाटला, दात लाल झाले, आणि क्षणभर तिला रडायचंसुद्धा सुचलं नाही. टेगन धावत आली. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? एवढीशी आहे ती!" लव्हॉनला माफी मागायची होती, अगदी मनापासून मागायची होती, पण तोंडातून आलं ते असं, "डोकं लावू देऊ नकोस तिला. आत्ताच मोड ती सवय." टेगन पोरीला कडेवर घेऊन, तिच्या हनुवटीवरचं रक्त स्वतःच्या बाहीनं पुसत म्हणाली, "तुमचा नवरा गेला म्हणून आम्ही सगळे सांभाळून घेतो. पण यापुढं माझ्या मुलीच्या जवळपास दिसलात ना, तर सरळ पोलिसांना बोलवीन." ती गेल्यावर लव्हॉननं फरशीवरच्या चादरी गोळा केल्या. घाबरण्यासारखी गोष्ट निराळीच होती: तिला बरं वाटत होतं. हाणल्याबरोबर छातीत गच्च बसलेलं काहीतरी जरा सैल झालं होतं, गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच. असली बाई आपण कधी झालो, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यामुळे पुढं विचारलं नाही.

आणि हे नेमकं आज व्हायचं होतं. आज दुपारी संघाची वार्षिक सभा. नेब्रास्काच्या या भागात लाल, बिनशिंगी, मांसाची गुरं पैदा करणाऱ्यांचा संघ म्हणजे लव्हॉन आणि तिचा नवरा ड्वेन यांचं अर्धं आयुष्य होतं. उन्हाळ्यातली प्रदर्शनं, फेब्रुवारीतली वळूंची विक्री, जेवणावळीतलं भाजलेलं मांस आणि घट्ट रस्सा, आणि कोणाच्या गाईला काय झालं याच्या न संपणाऱ्या गप्पा. संघाचं बातमीपत्र कित्येक वर्षं लव्हॉनच काढायची. कोणाचा वळू पहिला आला, कोणाच्या मुलीला प्रदर्शनातल्या ‘मांससुंदरी’ स्पर्धेचा मुकुट मिळाला, कोणाच्या गोठ्याला आग लागली, सगळं तिच्याच हातून गेलेलं. आता त्याच संघाचा अध्यक्ष कर्टिस वाव्हरा रोज फोन करत होता. कर्टिस हा नुसता अध्यक्ष नव्हता, बटन या वळूचा निम्मा मालकही होता. चांगला वळू एकट्यानं परवडत नाही, म्हणून दोघांत घ्यायची इथली रीत. एकानं सांभाळायचा, आणि त्याच्या रेताच्या, टाकीत गोठवून ठेवलेल्या मात्रा विकून येईल ते दोघांनी वाटून घ्यायचं. बटन ओस्टरलोंच्या आवारात वाढला, तिथंच त्यानं ड्वेनला मारलं, आणि त्यानंतर कर्टिस त्याला आपल्याकडे घेऊन गेला. कायद्यानं तो अजूनही निम्मा लव्हॉनचा होता. "लव्हॉन, दोनच वाक्यं बोल," कर्टिस फोनवर म्हणाला होता. "रक्तात खोट नाही, वाढवण्यात चूक झाली. बस्स. लोक भ्यालेत गं. बटनची वासरं अर्ध्या राज्यात उभी आहेत. मारक्या रक्ताची म्हणून उद्या सगळी कापायला काढतील. वीस वर्षांची मेहनत मातीत जाईल." "वाढवण्यात चूक कोणाची?" तिनं विचारलं. "आता ते काय मी सांगायला हवं? ड्वेन माझा सख्ख्या भावासारखा होता. पण तो गेला. त्याला आता काय फरक पडतो?" तिनं फोन आपटला होता. फरक पडत नाही म्हणे! माणूस गेला की त्याच्यावर काहीही लोटून द्यायला सगळे मोकळे. आणि यातली खरी मेख अशी की तो मेला कर्टिस बोलत होता ते अक्षरशः खरं होतं.

गाडी काढून ती लिंकन शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा बर्फ थांबलं होतं, आणि दोन्ही बाजूंची मक्याची रानं नुसत्या खुंटांची झाली होती. तिनं रेडिओ लावला आणि बंद केला. बटन जन्मला तो मार्च महिना असाच होता. त्याची आई वाऱ्यात व्याली आणि लगेच मेली, आणि ड्वेन ते ओलं गाठोडं कोटात गुंडाळून सरळ स्वैपाकघरात घेऊन आला. स्टोव्हच्या मागे पोतं टाकून त्याला ठेवलं. लालभडक अंग आणि कपाळावर पांढरा गोल ठिपका, म्हणून बटन. बाटलीनं दूध दोघंही पाजायची. आता यात काही गैर नाही, पोरकं वासरू सगळेच वाढवतात. पण नर असेल तर त्याला वेळेवर खच्ची करायचं, हे संघात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आईशिवाय माणसांत वाढलेला गोऱ्हा माणसाला आपल्यातलाच एक समजतो, आणि वळू झाला की दुसऱ्या वळूशी वागावं तसा माणसाशी वागतो. ड्वेन स्वतः नव्या सभासदांना सांगायचा, "बाटलीवरचा नर ठेवायचा नाही, बाबांनो. रागीट वळू परवडला. तो निदान आधी कळवतो." हे सांगणारा माणूस! दोन महिन्यांनी लव्हॉन म्हणाली, "पशुवैद्य येतोय गुरुवारी, याचं उरकून घेऊ." ड्वेन वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "अगं, ही पाठ बघ. हे मागचे पाय बघ. हा जोड जमवायला किती वर्षं घालवली आपण? याला खच्ची करायचं म्हणजे मला पाप वाटतं." शरद ऋतूत ती परत म्हणाली. तो हसला आणि म्हणाला, "तू भित्री आहेस." भित्री! अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारी बाई भित्री! ती तिसऱ्यांदाही म्हणाली होती. तेव्हा तो टोपी घालून गोठ्याकडे निघून गेला.

मग खोड्याचा दिवस आला. वासरं दुधावरून तोडली की एकेक करून लोखंडी खोड्यात घालायची आणि तिथं कशी वागतात ते पाहून शांतपणाचे गुण द्यायचे, अशी संघाची पद्धत. कोणी लाथा झाडतं, कोणी डोळे फिरवून हंबरतं, कोणी गुडघे टेकतं. त्या वर्षी गुण द्यायला कर्टिस होता. बटन खोड्यात गेला तो ओळखीच्या घरात गेल्यासारखा. थरथर नाही, धडपड नाही. मान लांबवून त्यानं कर्टिसची टोपी चाटली आणि सगळे खो खो हसले. "याला सर्वांत वरचा गुण!" कर्टिस ओरडला, आणि त्याच संध्याकाळी स्वैपाकघराच्या टेबलावर त्यानं निम्मा हिस्सा विकत घेतला. पिढ्यान् पिढ्या गुरांत घालवलेली माणसं सगळी, आणि एकालाही कळलं नाही की न भिणं म्हणजे शांत असणं नव्हे. का कळलं होतं? लव्हॉनला आता खात्रीनं सांगता येत नव्हतं. कळत असतं आणि तरी आपण टाळ्या वाजवत असतो, असं होतंच की. ड्वेन रोज संध्याकाळी त्याच्या कपाळावर तळवा टेकवून ढकलायचा, आणि बटन मान खाली घालून उलट ढकलायचा. वासरू होता तोवर ड्वेन जिंकायचा. मग एके दिवशी बटन जिंकला. ड्वेन शेणात उताणा पडून हसत होता आणि लव्हॉननं त्याचा फोटो काढला. बातमीपत्रात पहिल्या पानावर छापला. संघातल्या बायका तिला सांगत होत्या, काय गोड आहे गं.

जूनमध्ये पाण्याच्या टाकीची तोटी बिघडली होती म्हणून ड्वेन कुंपणाच्या आत गेला. सकाळची वेळ, लव्हॉन पिकअपच्या मागे कुंपणाच्या खांबांचे खिळे शोधत होती. बटननं कळवलं होतं. आडवा उभा राहून त्यानं आपली सगळी लांबी दाखवली, मान वाकवली, खुरानं माती उकरून पाठीवर उडवली. दुसऱ्या कुणाच्या वळूनं हे केलं असतं तर ड्वेननं कुंपणावर उडी घेतली असती. पण हा बटन होता. "काय रे, माजलास का?" एवढंच ड्वेन म्हणाला, आणि हात पुढं केला. पहिली धडक छातीवर बसली. तो पाइपांच्या कुंपणावर आपटला आणि बटननं त्याला तिथंच दाबून धरलं, घासलं, वर उचललं, खाली सोडलं, परत दाबलं. आवाज कुठला पाइपांचा आणि कुठला बरगड्यांचा ते लव्हॉनला वेगळं काढता येईना, आणि अजूनही येत नाही. ड्वेन ओरडला नाही, ओरडायला त्याच्यात हवाच नव्हती. तिनं पिकअप चालू करून कुंपण तोडून आत घातली आणि वळूच्या कुशीत हाणली. वळू हलला नाही, गाडीचा दिवा फुटला. मागे घेऊन परत हाणली. मग तिनं खाली उतरून पहार घेतली आणि त्याच्या नाकाडावर, डोळ्यांवर, कानाच्या मागे जिथं मिळेल तिथं मारली, शिव्या देत, त्याच्या तोंडातून फेस आणि रक्त उडून तिच्या तोंडावर येईतो. तो बाजूला झाला तो तिच्या मारानं नव्हे. खालच्यानं ढकलणं बंद केलं म्हणून झाला. ड्वेनचं तोंड होतं तिथं आता तोंड म्हणण्यासारखं काही नव्हतं. आणि ती गुडघ्यांवर बसली असताना बटन जवळ आला, तिच्या शर्टाची बाही तोंडात घेतली आणि चोखायला लागला. दुधाची वेळ झाल्यासारखा.

हे तिनं कोणालाच सांगितलेलं नव्हतं, आणि याहून वाईट ते वेगळंच होतं. गाई विकून, शेत भाड्यानं देऊन ती शहरात राहायला आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की तिला रात्री ड्वेन दिसत असेल. ड्वेन दिसत नव्हता. ती भांडी घासताना, दार उघडताना, दुकानात पिशवी उचलताना तिचे हात त्या लाल, गरम, खरखरीत कपाळाला शोधायचे. नवऱ्याच्या मारेकऱ्याची आठवण येते असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तिला त्याला मारायचं होतं. रोज, भाजी चिरताना, अंघोळ करताना, रांगेत उभं राहून पैसे देताना, ती त्याला मारत होती. पहारीनं, गाडीनं, नुसत्या हातांनी. आणि तो मेल्यावर त्याच्या मानेवर डोकं ठेवून रडत होती. ड्वेनसाठी ती अंत्यविधीलासुद्धा धड रडली नव्हती. त्याचं नाव काढलं की तिचे दात आवळले जात. लोक म्हणायचे, किती धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा.

सभागृहात कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास होता. दारातच म्हातारा लॉइड क्रेनिक भेटला. संघातला सगळ्यात जुना माणूस, एका कानानं बहिरा आणि दुसऱ्यानं सोयीपुरता. "आलीस? बरं झालं. तुझ्याशिवाय बातमीपत्र म्हणजे नुसत्या बियाण्याच्या जाहिराती," तो म्हणाला. बायकांनी मिठ्या मारल्या. कर्टिसनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं, हेही तिला दिसलं, आणि त्यामुळे तिला त्याचा आणखीच संताप आला. हिशोब वाचून झाले, पुढच्या प्रदर्शनाची तारीख ठरली, तरुण सभासदांचं अभिनंदन झालं. मग कर्टिस म्हणाला, "आपल्या लव्हॉनला दोन शब्द बोलायचे आहेत," आणि सगळ्यांनी खुर्च्या तिच्याकडे वळवल्या. ती उठली. समोर सगळे ओळखीचे चेहरे, तिच्या लग्नात नाचलेले, ड्वेनची शवपेटी खांद्यावर घेतलेले. ते वाट बघत होते ती तिनं दोष ड्वेनवर टाकण्याची. मनातून तिचीही तीच इच्छा आहे की काय, असं तिला एक क्षण वाटलं.

"बटनच्या रक्तात काही खोट नाही," ती म्हणाली. "त्याची वासरं आयांपाशी वाढलीत, ती बिघडणार नाहीत. बिनधास्त ठेवा. त्याला आम्ही बाटलीवर वाढवला आणि नर ठेवला. ढकलायला शिकवलं. तो माणसाला माणूस समजतच नव्हता. चूक आमची आहे, दोघांची." दोघांची म्हणताना जीभ अडखळली, पण कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळ्यांचे खांदे एकदम उतरले. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवायला लागले. कर्टिस उठून तिला मिठी मारायला आला. तिनं तळवा पुढं करून त्याला थांबवलं. "माझं संपलं नाही. आता तो वळू मारायचा. आजच."

"अगं, पण..." कर्टिसनं हसून सभेकडे बघितलं. "आत्ताच तर म्हणालीस त्याचा दोष नाही!"

"नाहीच आहे."

"मग?"

"मग काय? मला तो मेलेला हवाय."

"हा काय न्याय झाला?"

"न्याय कोण मागतंय?"

कर्टिसचा चेहरा लाल झाला. "निम्मा माझाही आहे, लव्हॉन. तुझ्या एकटीच्या म्हणण्यानं नाही व्हायचं."

"तुझा निम्मा टाकीत आहे, कर्टिस, गोठवलेला. त्यावर तुझ्या नातवंडांपर्यंत धंदा कर. चारच्या चार पायांवर उभा आहे तो माझा निम्मा."

मागून लॉइडचा खाकरण्याचा आवाज आला. "देऊन टाक रे तिला," तो म्हणाला. "आणि तसंही, मेलेल्या वळूच्या मात्रा महाग जातात. तूच मागच्या वर्षी सांगत होतास." कोणी हसलं नाही. कर्टिसच्या डोळ्यांत मात्र त्या वाक्यासरशी काहीतरी हललं, गणित सुरू झालं, आणि लव्हॉननं ते पाहिलं. त्या क्षणी तिच्या हातात पहार असती तर तिनं ती कर्टिसच्या कपाळात घातली असती, आणि मागाहून शांतपणे कॉफी प्यायली असती. "ठीक आहे," कर्टिस म्हणाला. "पण गोळी तू घालायची. माझ्या हातून व्हायचं नाही. इतकं शांत जनावर मी जन्मात पाहिलं नाही." नवल म्हणजे हे बोलताना त्याचा आवाज कापत होता.

वाव्हरांचं शेत तिथून जवळच होतं. ते दोघं वेगवेगळ्या गाड्यांतून गेले. कर्टिसनं घरातून रायफल आणली, गोळ्या भरून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "कुंपणाच्या बाहेरूनच घाल. कान आणि डोळा..." "मला शिकवू नकोस," ती म्हणाली. तिनं लंगड्या गाई मारल्या होत्या, विताना फाटलेल्या कालवडी मारल्या होत्या. ड्वेन असल्या वेळी गोठ्यामागे जायचा. बर्फानं भरलेल्या गुरांच्या वाड्याच्या पार टोकाला बटन वैरणीच्या भाऱ्यापाशी उभा होता. तो आणखी भरला होता. नाकाडावर तिच्या पहारीचा व्रण होता, आणि एक डोळा पांढरट झाला होता. म्हणजे लागलं होतं तर. तिला वाटलं, आता हा मला पाहील, ओळखील, आडवा उभा राहील, माती उकरील. एकदाच, एवढं एकदाच त्यानं खुनी व्हावं, म्हणजे मला चाप ओढता येईल. तिनं रायफल खांद्याला लावली. लांबून नेम धरवेना, बर्फावरचं ऊन डोळ्यांत येत होतं. "बटन!" तिनं हाक मारली, आणि आपला आवाज ऐकून तिलाच कसंसं झालं, कारण तो आवाज स्वैपाकघरातला होता.

दुसरा कुठलाही वळू बंदुकीसमोर असा आला नसता. जनावराला हत्यार कळत नाही, पण माणसाच्या अंगातली वाईट हवा कळते; ते लांब राहतं. हा आला. घाई नाही, कपट नाही. मधेच थांबून त्यानं शेपटी झटकली आणि परत चालायला लागला. कुंपणापाशी येऊन त्यानं चांगला डोळा तिच्याकडे केला आणि नाकातून गरम वाफ तिच्या हातांवर सोडली. तिनं नळीचं टोक त्याच्या पांढऱ्या ठिपक्याच्या किंचित वर टेकवलं. त्याला वाटलं असणार खेळ सुरू झाला, कारण त्यानं मान खाली घातली आणि नळीला हलकेच रेटा दिला. "नको रे," ती म्हणाली, आणि चाप ओढला.

तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कोसळला, आणि जमीन हादरली ती तिला तळपायांत कळली. मागचे पाय बर्फ खोदत राहिले. नाकातून रक्ताची गुळणी आली आणि बर्फात वाफा काढत शिरली. तिनं खटका मागे ओढून पुन्हा चाप ओढला. पाय थांबले. तिनं परत खटका ओढला, परत गोळी घातली, मानेत, खांद्यात, कुठंही. लाल कातडी प्रत्येक गोळीसरशी नुसती थरकायची. तिच्या तोंडून आवाज येत होता आणि तो रडण्याचा नव्हता. कर्टिस धावत आला आणि त्यानं तिचा दंड पकडला.

"लव्हॉन! अगं पुरे! मेलाय तो!"

"माहितीये मला."

"मग कोणाला मारतेयस, बाई?"

"ड्वेनला," ती म्हणाली, आणि त्याचा हात झटकून तिनं रायफल पुन्हा खांद्याला लावली.